दोन वर्षांचं लेकरू आणि पहिली क्रूझ : विदर्भातल्या गावातून निघताना

आमच्या गावची नदी वर्षातले चार महिनेच नदी असते. उरलेले आठ महिने तिच्या वाळूत पोरं क्रिकेट खेळतात. मोठं पाणी म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला मोर्शीजवळचं अप्पर वर्धा धरण आठवतं, समुद्र नाही. त्यामुळे बावीस महिन्यांच्या लेकीला घेऊन क्रूझवर जायचं ठरलं तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या, "काहून वं माय, लेकराले पाण्यात नेऊन काय कराचं हाय?"

त्यांचं विचारणं बरोबर होतं. माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. माहिती शोधली तर जी मिळाली ती सगळी विमानतळाजवळ राहणाऱ्या, बाळाला गादीवर झोपवणाऱ्या, डायपर रोजच वापरणाऱ्या घरांसाठी होती. झोळीत झोपणारं, घरच्या म्हशीचं दूध पिणारं, लंगोटातलं लेकरू जहाजावर नेताना काय करायचं, हे कुठेच नव्हतं. आम्ही ते चुकत-माकत शिकलो. आता गावातलं, नात्यातलं कुणी विचारतं तेव्हा जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

आधी एक कागद घ्या

जहाज निवडताना बहुतेक जण पोहण्याचा तलाव, रात्रीचे शो आणि जेवणाचे फोटो बघतात. दोन वर्षांच्या लेकराला यातलं काहीच लागत नाही. त्याला लागते दुपारची झोप, वेळेवर मऊ भात आणि धावायला थोडी मोकळी जागा. म्हणून जाहिरात उघडण्याआधी तुमच्या लेकराचा दिवस कागदावर लिहून काढा. आमचा असा होता : साडेसहाला उठणं आणि दूध, नऊला नाश्ता, मग शी, साडेबाराला वरण-भात, एक ते तीन झोप, संध्याकाळी अंगणात धुडगूस, सातला जेवण, साडेआठला गाढ झोप.

या कागदासमोर प्रत्येक जाहिरात धरायची. रात्री साडेनऊचा जादूचा प्रयोग आमच्या कागदात बसत नाही, तर त्या प्रयोगासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. साडेआठनंतर आई-बापापैकी एक जण खोलीतच बसणार, म्हणजे खोली चांगली हवी. जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर आपल्याला पहिलीच हवी. निम्मे निर्णय हा कागदच करून देतो.

वय मोजा, महिन्यांत

बहुतेक क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत. सलग बरेच दिवस समुद्रातच राहणाऱ्या लांबच्या सफरींना ही अट बारा महिन्यांची असते. वय निघण्याच्या तारखेला मोजतात, बुकिंगच्या नाही. घरात कुणी गरोदर असेल तर तेही लक्षात ठेवा : चोविसावा आठवडा लागला की बहुतेक कंपन्या परवानगी देत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात.

दुसरा टप्पा दोन वर्षांचा. अनेक ठिकाणी दोन वर्षांखालचं बाळ वेगळ्या दरात मोडतं, कधी फक्त कर आणि बंदराचे आकार भरावे लागतात. वाढदिवस तोंडावर असेल तर सफर त्याच्या आधी की नंतर, याने बिलात फरक पडतो.

तिसरा टप्पा तीन वर्षांचा. मुलांसाठी जी खेळघरं जहाजावर असतात, तिथे साधारण तीन वर्षांपुढचं आणि शी-शू स्वतः सांगणारं मूल आई-बापाशिवाय ठेवून घेतात. लहान बाळांचं पाळणाघर परदेशी मोठ्या जहाजांपैकी काहींवर असतं, तेही तासाचे पैसे घेऊन. "जहाजावर मुलांना सांभाळतात" असं कुणी सांगितलं तर लगेच विचारा : कितव्या वर्षापासून? आमच्या वेळी या एका प्रश्नाने अर्ध्या गोड बोलण्याची हवा गेली.

किती रात्री, कुठला मार्ग

पहिल्या खेपेला दोन रात्री. तीन ही शेवटची मर्यादा. मला पाच रात्रींची सफर स्वस्त पडते म्हणून सांगितलं होतं, आणि दर रात्रीच्या हिशोबाने ती स्वस्त होतीही. पण लेकराला जहाज मानवलं नाही तर मधल्या स्टेशनावर उतरता येत नाही.

मुंबईहून देशी क्रूझ मिळते. कॉर्डेलिया या कंपनीचं एम्प्रेस हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून या किनाऱ्यावर फिरायला लागलं. जहाज मूळचं १९९० सालचं, आधी परदेशी कंपनीकडे होतं. लांबी साधारण २१० मीटर, म्हणजे विदर्भ एक्सप्रेसचे नऊ डबे एकामागे एक लावावेत तेवढी, आणि वर अकरा मजले. आजकालच्या परदेशी जहाजांपुढे हे लहानच. पण दोन वर्षांच्या पोरामागे धावणाऱ्या माणसाला लहान जहाज सोयीचं. जेवणाच्या जागेपासून खोलीपर्यंत झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन किती चालावं लागतं, हे तिथे गेल्यावर कळतं.

मार्ग बघताना मी एकच गोष्ट बघायला सांगते : जहाज धक्क्याला लागतं की समुद्रात उभं राहतं? गोव्याला ते मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागतं, कोचीलाही धक्का आहे. शिडी उतरलं की जमीन. लक्षद्वीपला तसं नाही. तिथे बेटांभोवती उथळ पाणी आणि प्रवाळ, त्यामुळे मोठं जहाज लांब थांबतं आणि प्रवाशांना लहान बोटींत उतरवून नेतात. जहाज हलतंय, बोट हलतेय, आणि मधल्या फटीवरून तुम्हाला लेकरू घेऊन पाय टाकायचाय. खलाशी हात देतात, लोक रोज उतरतात, पण मी बावीस महिन्यांच्या लेकीला घेऊन ते केलं नाही आणि करणारही नाही. समुद्र खवळलेला असला तर हे उतरणं रद्दही होतं. शिवाय लक्षद्वीपला जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो, तो कोण काढणार हे विचारावं लागतं. ते बेट लेकरू सहा-सात वर्षांचं झाल्यावर.

सिंगापूरच्या क्रूझचीही जाहिरात आपल्याकडे खूप होते. बाळाचा पासपोर्ट, व्हिसा, विमान, मग जहाज. पहिल्या खेपेला नको, एवढंच म्हणते.

कोणता महिना

मुंबईहून हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो.

आपल्या शेतीच्या घराचा हिशोब वेगळा असतो. ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाची वेचणी, जानेवारी-फेब्रुवारीत तूर आणि चणा. हात मोकळा होतो आणि पैसा हाती येतो तो फेब्रुवारीच्या शेवटी. नेमकं तेव्हाच समुद्रही शांत असतो. म्हणून आमच्यासारख्यांना मार्च हा सगळ्यांत चांगला महिना. शाळकरी पोरांच्या परीक्षा चालू असतात म्हणून गर्दी कमी, दरही सुट्ट्यांच्या मानाने उतरलेले, आणि आपल्याकडे ऊन अजून पंचेचाळिशीला टेकलेलं नसतं. दिवाळी, नाताळ आणि शुक्रवार-शनिवारची निघण्याची तारीख टाळली तर आणखी फरक पडतो. लेकराला शाळा नाही, हा फायदा दोन-तीन वर्षंच मिळतो, तो घ्या.

मेच्या उत्तरार्धात मात्र जाऊ नका. अरबी समुद्रात चक्रीवादळं होण्याचा एक काळ पावसाळ्याच्या तोंडावरचा असतो. तौक्ते वादळाने मुंबईला झोडपलं ते मे २०२१ मध्येच.

खोली : इथे घाई करू नका

खोल्या साधारण चार तऱ्हेच्या. आतली, म्हणजे बिनखिडकीची. मग बंद काचेच्या खिडकीची. मग बाल्कनीची. आणि सगळ्यांत महागडा स्वीट, म्हणजे मोठी, ऐसपैस खोली.

बिनखिडकीची खोली म्हटली की आपल्या लोकांना कोंडल्यासारखं वाटतं. पण दिवा मालवला की तिथे भर दुपारी रात्रीसारखा अंधार होतो, आणि लेकरू दोन तास झोपतं. अडचण ही की जागं माणूस त्या अंधारात काय करणार? आम्ही खिडकीची घेतली. दुपारी ती झोपायची आणि मी काचेला टेकून पाणी बघत बसायचे. पडदा अर्धा ओढायचा, एवढंच. बाल्कनी मोहात पाडते, पण चढायला शिकलेल्या मुलासाठी मी ती घेणार नाही. घेतलीच असेल तर खुर्च्या-टेबल कठड्यापासून दूर, नाहीतर आतच आणून ठेवा, आणि दाराची वरची कडी कायम लावलेली.

कुठली खोली, हे तऱ्हेपेक्षा महत्त्वाचं. जहाज झोक्यासारखं हलतं. झोक्याच्या दोरीच्या टोकाशी झोका जास्त, मध्याशी कमी. तसंच जहाजाच्या पुढच्या-मागच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर हालचाल जास्त जाणवते. खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली मागा. तीच बहुतेक वेळा स्वस्तही असते.

मग जहाजाचा मजलेवार नकाशा उघडा. तो कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तुमच्या खोलीचा क्रमांक शोधा आणि तिच्या वरच्या व खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वर-खाली खोल्याच असतील तर उत्तम. वर नाचाचा मजला, खाली नाट्यगृह, शेजारी लिफ्ट असेल तर क्रमांक बदलून मागा. आम्ही हे बघितलं नव्हतं. वर डीजे होता. रात्री बारापर्यंत छतातून ठेका यायचा, आणि लेकीच्या पोटावर ठेवलेल्या माझ्या हाताला तो जाणवायचा.

बाळाची खाट बुकिंग करतानाच लेखी मागा. खाटा मोजक्या असतात. आमच्या बुकिंग करणाऱ्याने "तिथे गेल्यावर मिळून जाईल" म्हणून सांगितलं, आणि तिथे गेल्यावर एकही उरली नव्हती. दोन पलंग जोडून, भिंतीकडून उशा लावून तिला मध्ये झोपवलं.

न्हाणीघर लहान असतं आणि त्यात फक्त शॉवर. बादली-तांब्याने आंघोळ करणारं लेकरू डोक्यावरून पडणाऱ्या पाण्याला घाबरतं. घडी होणारी रबरी बादली आणि एक प्लॅस्टिकचा मग न्या, आठ-दहा वर्षं टिकेल अशी ही खरेदी आहे. न्हाणीघराला उंचसा उंबरा असतो, त्याला अडखळून लेकरू तोंडावर पडतं. आणि दारं! खोलीची दारं जड, आपोआप बंद होणारी. ती धाडकन लागतात. पहिल्या तासातच लेकीने चौकटीत बोटं घातली होती, तिच्या बाबांनी पाय आडवा टाकला म्हणून वाचली. दाराजवळ जाताना लेकरू कडेवर, हा नियमच करून टाका.

पैसे देण्याआधी

जाहिरातीतला आकडा हा भाड्याचा असतो. त्यावर बंदराचे आकार, सेवाशुल्क आणि जीएसटी चढतात. म्हणून फोनवर एकच वाक्य बोला : "दोन मोठे, एक बाळ, सगळं धरून किती, ते लिहून पाठवा." मग त्या लेखी आकड्यात काय नाही, ते विचारा. बहुधा नसतात : थंड पेयं, वेगळी उपाहारगृहं, वायफाय, बंदरावरची सहल, डॉक्टर. जहाजावर डॉक्टर असतात, पण तपासणीचे पैसे पडतात आणि ते गावच्या दवाखान्यासारखे नसतात. प्रवासविमा घ्या.

पैसे कुणाच्या खाजगी खात्यात, क्यूआर कोड पाठवला म्हणून, टाकू नका. बुकिंगचा क्रमांक मिळाला की कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा कंपनीच्या फोनवर तो स्वतः तपासा. रद्द केलं तर किती दिवस आधी किती कापणार, तेही लेखी घ्या. लेकरांना ताप यायला वेळ लागत नाही.

दाखला आणि आधार

देशी क्रूझला पासपोर्ट लागत नाही, मोठ्यांना सरकारी ओळखपत्र आणि बाळाला जन्माचा दाखला किंवा आधार. ऐकायला सोपं. पण गावात अडतं ते इथेच.

ग्रामपंचायतीने दिलेला जन्माचा दाखला काढून बघा. अनेक दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून नवा दाखला घ्या. पाच वर्षांखालच्या मुलांचं निळं बाल आधार निघतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत, आई किंवा बापाच्या आधारला ते जोडतात. मग आईचं आधार बघा. लग्नानंतरचं नाव एकीकडे, माहेरचं दुसरीकडे, असं असेल तर बुकिंग आधारवरच्या नावानेच करा, अक्षरन् अक्षर तेच. हे काम दोन महिने आधी सुरू करा.

महिनाभर आधीची तालीम

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आम्ही इथेच फसलो.

आमची लेक जन्मापासून झोळीत झोपली. घरात मयालीला, म्हणजे छताच्या तुळईला दोर, दोराला साडीची झोळी, आणि आजीच्या पायाला बांधलेली दोरी. जहाजाच्या खोलीत मयाल नाही, आकडा नाही, आणि काही टांगायची परवानगीही नाही. पहिल्या रात्री ती "झोई, झोई" करत दीड वाजेपर्यंत रडली. तिचे बाबा तिला खांद्यावर घेऊन त्या लांब, गालिचा घातलेल्या बोळातून येरझारा घालत होते. शेवटी आम्ही दोघांनी चादरीची दोन-दोन टोकं धरली आणि तिला हातांनी झुलवलं. जहाज आपल्या तालात हलत होतं, आम्ही आमच्या. अर्ध्या तासात झोपली, पण आमचे खांदे सकाळी उचलत नव्हते.

तुम्ही महिनाभर आधी झोळी सोडवायला लागा. आधी दुपारची झोप अंथरुणावर, मग आठ-दहा दिवसांनी रात्रीची. घरातली एखादी वापरलेली चादर किंवा आईची जुनी साडी धुवायला न टाकता सोबत न्या. तो वास ओळखीचा असतो.

तसंच लंगोटाचं. जहाजावर कपडे वाळत घालायला जागा नाही, बाल्कनीच्या कठड्यावर टाकू देत नाहीत. म्हणजे डायपर आलंच. ज्या लेकराला सवय नाही त्याला ते टोचतं, पुरळ उठतं. दोन आठवडे आधी रात्रीपुरतं सुरू करा आणि कोणतं मानवतं ते बघून तेवढे घेऊन जा. दिवसाला आठ धरा आणि वर दहा जास्त. जहाजावर विकत मिळतील या भरवशावर राहू नका.

दूधही. घरच्या म्हशीच्या दाट दुधावर वाढलेलं लेकरू जहाजावरचं पाकिटातलं दूध थुंकून टाकतं. आधी घरी पाकिटातलं देऊन बघा.

लसी : गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. आशाताईंकडचं कार्ड बघून जी लस राहिली असेल ती निघायच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. टोचल्याचा ताप जहाजावर नको.

शिवाय एखाद्या रविवारी लेकराला बोटीत बसवून बघा. रामटेकजवळ खिंडसी तलाव आहे, गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांध आहे. समुद्राची परीक्षा तळ्यात होत नाही, पण लाइफ जॅकेट अंगावर चढवू देतं की किंचाळतं, एवढं कळतं.

बोट लागली तर

आपल्याकडे जशी एसटी लागते, तशी बोट लागते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा कमी होतो, दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त. मोठ्यांना तर होतोच.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. एसटीत बसण्याआधी ॲव्होमिनची गोळी घ्यायची सवय आपल्या घराघरांत आहे. त्या गोळीत प्रोमेथाझिन असतं. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रोमेथाझिन देऊ नये, त्याने श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. "पाव गोळी दिली तर काय होतं" असं घरातलं मोठं माणूस मायेनेच म्हणेल, तरी नाही. दोन वर्षांपुढेही बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाही. लेकराला मळमळलं तर मोकळ्या हवेत, जहाजाच्या मध्यावर न्या, मोबाइलचा पडदा बंद करा, घोट-घोट पाणी आणि ओआरएस द्या. मोठ्यांनी आलेपाक चघळावा, दूर क्षितिजाकडे बघावं.

औषधांच्या पिशवीत तापाचं औषध वजनाप्रमाणे मात्रा लिहून, ओआरएसची पाकिटं, खोबरेल तेल, डॉक्टरांची चिठ्ठी.

मुंबईपर्यंत

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. गाडीने आठ-दहा तासांत जाता येतं. तरीही लेकरू असेल तर मी रेल्वेच सांगेन, कारण रात्रीची गाडी लेकराच्या झोपेत निघून जाते. गोंदियाहून निघणारी विदर्भ एक्सप्रेस भंडारा, नागपूर, वर्धा, धामणगाव, बडनेरा, अकोला, शेगाव करत सकाळी सीएसएमटीला पोचते, अमरावतीकरांना अमरावती एक्सप्रेस आहे. दोन्ही गाड्या जिथे संपतात तिथून बॅलार्ड पिअरचा क्रूझ धक्का दीड-दोन किलोमीटरवर आहे. टॅक्सीत बसलं की आलंच. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पाच वर्षांखालच्या मुलासाठी वेगळा बर्थ घेतला नाही तर तिकीट लागत नाही. खालचा बर्थ मागा.

जहाजाच्याच दिवशी सकाळी पोचू नका. गाडी चार तास उशिरा आली तर जहाज थांबत नाही. एक दिवस आधी जा, स्टेशनजवळ मुक्काम करा, लेकराला एक रात्र स्थिर पलंगावर झोपू द्या.

सामानाची लहान पिशवी

धक्क्यावर मोठ्या बॅगा घेऊन त्यांना चिठ्ठ्या लावतात आणि त्या खोलीपाशी काही तासांनी येतात, कधी संध्याकाळी. म्हणून पहिल्या दिवसाचं सगळं खांद्यावरच्या पिशवीत : सहा डायपर, दोन कपडे, दूध, वाटी-चमचा, औषधं, ती जुनी साडी, दाखला आणि आधार.

घरचं शिजवलेलं अन्न वर नेऊ देत नाहीत. सासूबाईंनी दिलेला रव्याच्या लाडवांचा डबा आम्हाला धक्क्यावरच संपवावा लागला. बाळाचं पाकीटबंद खाणं चालतं, तरी आधी विचारून घ्या. विजेची किटली, पाण्यात टाकायचा रॉड, इस्त्री, गॅसची शेगडी यातलं काही नेऊ नका, आगीच्या धास्तीने काढून घेतात. गरम पाणी खोली सांभाळणाऱ्या माणसाकडून थर्मासात भरून मिळतं.

जेवणाची चिंता करू नका. पोचल्यावर लगेच मुख्य वाढप्याला भेटा आणि "बाळासाठी बिनतिखटाचं वरण, मऊ भात, तूप, रोज साडेबाराला आणि सातला" असं सांगून ठेवा. आमच्या लेकीला दुसऱ्या दिवसापासून न मागता वाटी यायची.

जहाजावरचा पहिला तास

जहाज निघण्याआधी किंवा निघताच आणीबाणीची तालीम होते, आणि ती सगळ्यांना सक्तीची. कंटाळा करू नका. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चोवीस तासांहून लांबच्या सफरीत जहाजावर प्रत्येक बाळासाठी बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट असावं लागतं. ते खोलीत नसेल तर खोली सांभाळणाऱ्याला सांगून लगेच आणवून घ्या, लेकराच्या अंगावर एकदा चढवून पट्टे बसवून ठेवा. आपलं जमायचं ठिकाण कोणत्या जिन्याने येतं, ते लेकरू कडेवर घेऊन एकदा चालून बघा. लिफ्टने नाही.

पोहण्याच्या तलावात डायपरमधल्या मुलांना सोडत नाहीत, पाण्यातले डायपर घातले तरी नाही. लेकीने तलाव बघून हट्ट धरला तेव्हा आम्ही न्हाणीघरात रबरी बादली भरून तिला त्यात बसवलं. ती तासभर खूश.

हात साबणाने धुवा, लेकराचेही, दर जेवणाआधी. जहाजावर जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस पसरतो तेव्हा हाताला चोळायचं जेल त्याच्यावर फारसं चालत नाही. साबण-पाणीच लागतं.

किनारा मागे पडला की फोन विमान मोडवर टाका. समुद्रातलं जहाजाचं नेटवर्क फोनने आपोआप पकडलं तर मोठं बिल येतं. गावी आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर घरी जेवणं होत नाहीत.

शेवटची रात्र

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. आमच्या शेजारच्या खोलीतल्या जोडप्याने घाईत बाळाचे सगळे कपडे त्यात घातले आणि सकाळी लेकराला टॉवेलात गुंडाळून उतरले. एक जोड, चार डायपर, दुधाची बाटली आणि कागदपत्रं वेगळी काढा, मगच बॅगेची चेन लावा.

परतीची गाडी त्याच संध्याकाळची घ्या, दुपारची नको. उतरायला रांग लागते, आणि लेकराची एक ते तीनची झोप कुठेतरी सावलीत व्हायला हवी. आमची झाली ती सीएसएमटीच्या प्रतीक्षागृहात, दोन बाकांच्या मध्ये अंथरलेल्या त्याच जुन्या साडीवर.